मोकळा रस्ता निर्दोष नसतो

गोंदियात वाहतुकीची तक्रार कुठे आहे असे विचारले, तर कोणीही गोरेलाल चौकाचे किंवा जयस्तंभ चौकाचे नाव घेईल. ऑटो, ई-रिक्षा, दुचाकी, हातगाड्या, मध्येच घुसलेला मालवाहू टेम्पो आणि सगळ्यांचे एकाच वेळी वाजणारे हॉर्न. गोंदिया-कोहमारा रस्त्याची तक्रार मात्र कोणी करणार नाही. मुरदोलीच्या जंगलातून जाणारा हा रस्ता बहुतेक वेळ मोकळा असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये एका रात्री याच रस्त्यावर एका मोटारीने वाघाला धडक दिली. जखमी वाघ रस्त्याच्या कडेला सरपटत जात असल्याची चित्रफीत देशभर फिरली. उपचारांसाठी त्याला नागपूरकडे नेण्यात आले, पण तो वाचला नाही. त्या रात्री त्या रस्त्यावर वाहतूक कोंडी नव्हती, आणि म्हणूनच गाडीला वेग घेता आला.

रस्ता किती तुंबला यावर आपण वाहतुकीचा त्रास जोखतो, आणि नवे बांधकाम, नवी वसाहत किंवा नवा रस्ता मंजूर करतानाही त्याच मापावर थांबतो. गाडीला किती उशीर होईल, हे त्या मापातून कळते. त्या गाडीमुळे हवेचे, झोपेचे, शेताचे आणि जंगलाचे काय होईल, हे कळत नाही. कित्येकदा तर हे माप उलटाच कौल देते. ज्या रस्त्याला सर्वात चांगली श्रेणी मिळते, तोच पर्यावरणाला सर्वात महाग पडू शकतो. वाढत्या शहराने वाहतुकीचा पर्यावरणीय परिणाम कसा मोजावा हा प्रश्न म्हणूनच गोंदियासारख्या जिल्ह्याने आजच हाती घ्यायला हवा. तो मुंबई-पुण्यापुरता आहे असे समजणे महागात पडेल.

या मापाचे मूळ अमेरिकेत आहे. तिथल्या महामार्ग अभियंत्यांनी १९६५ च्या ‘हायवे कपॅसिटी मॅन्युअल’मध्ये ‘लेव्हल ऑफ सर्व्हिस’ ही संकल्पना मांडली. रस्त्याच्या सेवेला ‘ए’पासून ‘एफ’पर्यंत श्रेणी द्यायची. गाड्या मनासारख्या वेगाने धावत असतील तर ‘ए’, जागच्या जागी खोळंबल्या असतील तर ‘एफ’. रस्ता बांधणाऱ्याला हे माप उपयोगीच होते, कारण किती पदरी रस्ता लागेल हे त्यातून ठरवता येई. पुढे हेच माप पर्यावरणाच्या अहवालात शिरले आणि गोंधळ तिथे सुरू झाला. मोटारीला चौकात थोडा वेळ जास्त थांबावे लागले, की तो ‘पर्यावरणावरील परिणाम’ ठरू लागला.

भारतातही हीच परंपरा आली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या आयआरसी-१०६ या मार्गदर्शिकेत शहरी रस्त्यांची क्षमता मोजण्याची पद्धत दिली आहे. तिचे एकक पीसीयू, म्हणजे एका मोटारीइतका भार. मोटार १. दुचाकी ०.५ ते ०.७५. सायकल ०.४ ते ०.५. सायकलरिक्षा १.५ ते २. हातगाडी २ ते ३. बस किंवा ट्रक २.२ ते ३.७. वाहतुकीत त्या प्रकारच्या वाहनांचे प्रमाण जसे बदलेल, तसा आकडा या मर्यादांमध्ये सरकतो.

जागेचे माप म्हणून यात काही चूक नाही. हातगाडी हळू चालते, रस्ता अडवते, हे खरेच आहे. पण हा आकडा पर्यावरणाच्या चर्चेत आला की त्याचा अर्थ उलटा होतो. धूर न सोडणारी सायकलरिक्षा पेट्रोलच्या मोटारीच्या दीडपट ते दुप्पट ‘भार’ ठरते. आमगावहून पन्नास माणसे घेऊन आलेली एसटी आणि तांदळाची पोती घेऊन निघालेला ट्रक एकाच रकान्यात बसतात. एसटीतली पन्नास माणसे दोघे-दोघे दुचाकीवर आली असती, तर तोच भार साडेबारा ते पावणेएकोणीसपर्यंत गेला असता. म्हणजे माणशी हिशेब केला तर पीसीयूसुद्धा बसच्याच बाजूने बोलतो. पण वाहतूक अहवालात तो भागाकार कुणी करत नाही. वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला प्राधान्य द्यावे, असे २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात लिहिलेले आहे. धोरण माणसांबद्दल बोलते आणि मोजणी गाड्यांची होते, ही विसंगती वीस वर्षे तशीच पडून आहे.

चुकीचे माप किती दूर नेऊ शकते, याचे उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचे आहे. त्या शहराने सायकलमार्गांचा आराखडा केला. त्याविरुद्ध काही जण न्यायालयात गेले. सायकलींना रस्ता दिला की मोटारींचा खोळंबा वाढेल, खोळंबा हा पर्यावरणीय परिणाम आहे, आणि त्याचा अभ्यास झालेला नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. कायद्याच्या भाषेत तो बिनतोड होता. २००६ ते २०१० अशी चार वर्षे सायकलमार्गांचे काम पर्यावरण कायद्याच्याच नावाखाली अडकून पडले.

अशा अनुभवांतून कॅलिफोर्नियाने माप बदलले. २०१३ मध्ये ‘एसबी ७४३’ हा कायदा झाला आणि १ जुलै २०२० पासून राज्यभर लागू झाला. नव्या प्रकल्पामुळे चौकात किती खोळंबा होईल, हा प्रश्न पर्यावरणाच्या तपासणीतून काढून टाकण्यात आला. त्याऐवजी प्रकल्पामुळे माणशी किती वाहन-मैल, म्हणजे गाड्यांनी कापलेले अंतर, वाढतील, हे विचारले जाऊ लागले. गृहप्रकल्प असो वा कार्यालय, आजच्या माणशी सरासरीपेक्षा तो पंधरा टक्के कमी वाहन-मैल निर्माण करत असेल तर परिणाम मर्यादित मानावा, असे राज्याच्या मार्गदर्शिकेने सुचवले. बदल कागदावर छोटा दिसतो, पण त्याने निकाल उलटले. बाजाराजवळची, स्टेशनजवळची इमारत पूर्वी ‘गर्दीत भर’ म्हणून दोषी ठरायची, ती आता उजवी ठरू लागली. दूर शेतात रुंद रस्त्यावर उभी राहणारी वसाहत पूर्वी निर्दोष सुटायची, तिला आता उत्तर द्यावे लागते.

हा हिशेब गोंदियाला लावून पाहू. आकडे उदाहरणापुरते धरले आहेत. समजा तीनशे कुटुंबांची एक योजना आहे. ती शहराबाहेर, धानाची बांधी मुरूम टाकून बुजवलेल्या एखाद्या ले-आऊटमध्ये होऊ शकते, किंवा जुन्या बाजाराजवळच्या मोकळ्या जागेत. दर कुटुंबाच्या दिवसाला दोन फेऱ्या धरू. बाहेरच्या ले-आऊटमधून जाऊन-येऊन दहा किलोमीटर, बाजाराजवळून दोन. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर बाहेरची योजना १८ लाख वाहन-किलोमीटर निर्माण करते आणि आतली ३ लाख ६० हजार. सगळे दुचाकीवरच फिरतात आणि लिटरला ४५ किलोमीटर मिळतात असे मानले, तर एकीकडे ४०,००० लिटर पेट्रोल जळते, दुसरीकडे ८,०००. लिटरभर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एकीकडे वर्षाला ९२ टन, दुसरीकडे १८. बाजाराजवळच्या फेऱ्यांतल्या निम्म्या पायी होतील, ते यात धरलेलेच नाही.

आता याच दोन योजना खोळंब्याच्या मापाने तपासा. बाहेरचा रस्ता रुंद, मोकळा. श्रेणी ‘ए’ किंवा ‘बी’, शेरा ‘परिणाम नगण्य’. बाजाराजवळचा चौक आधीच तुंबलेला. श्रेणी ‘ई’, शेरा ‘वाहतुकीवर गंभीर परिणाम’. पाचपट धूर सोडणारी योजना पर्यावरणाच्या नावाने उत्तीर्ण होते, आणि पाचपट कमी धूर सोडणारी नापास.

आपल्या बांधकाम नियमांचा कलही याच दिशेला आहे. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही अपवाद वगळता राज्यभर एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यात रस्ता जितका रुंद, तितका चटई क्षेत्राचा लाभ अधिक, आणि प्रत्येक इमारतीला ठरावीक पार्किंग सक्तीचे. अग्निशमन, प्रकाश, वारा यांच्या दृष्टीने रुंदीच्या अटीला अर्थ आहे. पण गोंदियाच्या जुन्या भागातले रस्ते अरुंद आणि बाहेरचे रुंद. त्यामुळे बांधकाम बाहेर ढकलले जाते, आणि बाहेर गेलेल्या घराला गाडी लागते. गाडीसाठी पार्किंग आधीच बांधून ठेवलेले असते.

पर्यावरण कायदा इथे काय करतो? देशात १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पूर्वमंजुरी लागते. दीड लाख चौरस मीटर किंवा ५० हेक्टरच्या पुढची वसाहत आणखी कडक चाळणीतून जाते. या अधिसूचनेचा अर्ज वाचण्यासारखा आहे. वाढणारी वाहतूक गृहीत धरून हवेतल्या प्रदूषणाचे भाकीत करा, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. वाहतुकीचा आवाज आणि कंपने वाढतील का, सायकलमार्ग आणि पदपथ किती, हेही विचारले आहे. इतपत ठीक. पण ‘हवा’ याच शीर्षकाखाली आणखी एक प्रश्न आहे: प्रकल्पामुळे पार्किंगची टंचाई होईल का? मुबलक पार्किंग दाखवले की अर्जदार या प्रश्नातून सुटतो. त्या पार्किंगमध्ये रोज येणाऱ्या गाड्या किती किलोमीटर धावून येतील, हा प्रश्न अर्जात कुठेच नाही.

आणि हा अर्जही गोंदियात फारसा कोणाला भरावा लागत नाही, कारण २०,००० चौरस मीटरचा उंबरठा ओलांडणारी बांधकामे इथे मोजकीच. हा उंबरठा ओलांडणाऱ्या बांधकामांनाही सवलती देण्याचे प्रयत्न केंद्राकडून झाले. औद्योगिक शेड, शाळा, महाविद्यालये आणि वसतिगृहे यांना दिलेली अशीच एक सूट सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये रद्द केली. न्यायालयाने पळवाट बुजवली हे बरेच झाले. पण गोंदियाची वाढ मोठ्या प्रकल्पांतून होतच नाही. ती होते तीस-चाळीस प्लॉटच्या ले-आऊटमधून, दोन मजली दवाखान्यांतून, कोचिंग क्लासमधून आणि लग्नाच्या लॉनमधून. विदर्भात कुठल्याही शहराबाहेरच्या रस्त्याने जा, लॉनच्या कमानी दिसतील. एका लॉनला परवानगी देताना त्याची वाहतूक नगण्यच असते. त्याच रस्त्यावर सहा लॉन झाले आणि मुहूर्ताची तिथी आली, की मध्यरात्रीपर्यंत गाड्यांची रांग, डीजेचा दणका आणि त्यानंतर रिकाम्या रस्त्यावर वेगाने घरी परतणारे तरुण. सहा वेगवेगळ्या ‘नगण्य’ शेऱ्यांची बेरीज करणारा कागद कुठल्याही कार्यालयात नसतो.

बेरीज न होण्याचे आणखी एक कारण हद्दींमध्ये आहे. २०११ च्या जनगणनेत गोंदिया नगर परिषदेची लोकसंख्या १,३२,८१३ होती. पण गोंदिया शहर त्या हद्दीत मावत नाही. फुलचूर, कुडवा, कटंगी ही गावे शहराला चिकटलेली आहेत, नव्या वसाहती तिकडे पसरल्या आहेत, आणि तिथला कारभार ग्रामपंचायतींचा. तिथल्या माणसाची नोकरी, शाळा, बाजार शहरात. घर एका हद्दीत, गर्दी दुसऱ्या हद्दीत आणि धूर दोन्हींकडे. जमीन-वापराचा कागद एका टेबलावर, बांधकाम परवानगी दुसऱ्या, रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा महामार्ग प्राधिकरणाचा, सिग्नल पोलिसांचा, गाडीची नोंद परिवहन कार्यालयात ‘एमएच-३५’ या मालिकेत. प्रत्येक टेबल आपल्यापुरते बरोबर असते.

सरकारी इमारतीही यातून सुटत नाहीत. गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ मध्ये सुरू झाले ते शहरातल्या केटीएस रुग्णालयाच्या आधाराने. त्याचे नवे संकुल कुडव्याला होत आहे. जिल्ह्याला मोठे रुग्णालय हवेच आहे, आणि जुन्या जागेत ते मावणार नव्हते, हेही खरे. पण सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावहून येणारा रुग्णाचा नातेवाईक बसस्थानकावर किंवा रेल्वे स्टेशनवर उतरल्यावर तिथे कसा पोहोचेल, रात्री कसा परतेल, हे इमारतीच्या नकाशाइतकेच आधी ठरायला हवे. एसटीची फेरी संकुलाच्या दारापर्यंत जाणार असेल तर वाहन-किलोमीटर कमी होतात. नसेल, तर तो खर्च हजारो गरीब कुटुंबे ऑटोच्या भाड्यातून उचलतात आणि तो कुठल्याच प्रकल्प अहवालात दिसत नाही.

रस्त्यांचे काय? राष्ट्रीय महामार्गाचे विस्तारीकरण १०० किलोमीटरपेक्षा लांब असेल आणि ठरावीक रुंदीपलीकडे नवी जमीन लागत असेल, तरच पर्यावरण मंजुरी लागते. २०१३ च्या दुरुस्तीपासून असा नियम आहे. त्याचा उपयोग कसा होतो हे उत्तराखंडच्या चारधाम मार्गाने दाखवले. ८८९ किलोमीटरचा तो प्रकल्प ५३ तुकड्यांत विभागला गेला आणि एकत्रित परिणाम मूल्यांकन झालेच नाही. गोंदिया-कोहमारासारखा रस्ता तर मुळातच शंभर किलोमीटरच्या आत. वनजमीन किंवा अभयारण्य लागले तर वन आणि वन्यजीव परवानग्या लागतात, आणि त्या महत्त्वाच्या आहेत. पण रस्ता रुंद झाल्याने वाहतूक किती वाढेल, कोणत्या वेळी वाढेल, हा प्रश्न त्या परवानग्यांच्या केंद्रस्थानी नसतो. ‘आजची कोंडी सुटेल’ एवढेच समर्थन पुरते. ड्युरँटन आणि टर्नर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकी महानगरांच्या आकडेवारीवरून २०११ मध्ये दाखवले, की महामार्गांचे पदर-किलोमीटर (लांबी गुणिले पदर) ज्या प्रमाणात वाढतात, साधारण त्याच प्रमाणात वाहन-किलोमीटर वाढतात. गोंदिया म्हणजे अमेरिकेचे महानगर नव्हे. तरीही रुंद रस्ता गाड्या बोलावतो हा अनुभव इथलाही आहे. रस्ता रुंद होताच त्याच्या कडेची बांधी विकायला निघते आणि पाठोपाठ ले-आऊटची पाटी लागते.

कधी मोजतो, यावरही निकाल ठरतो. गोंदिया हा धानाचा जिल्हा आहे. दिवाळीनंतर धान खरेदी केंद्रांवर गाड्यांची रांग लागते, तिथून धान राईस मिलमध्ये जातो, मिलमधून तांदूळ गोदामात. त्या महिन्यांत ट्रॅक्टर-ट्रॉली आणि ट्रक गावरस्त्यांवरही दिसतात. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. पावसाळ्यातल्या एका मंगळवारी चौकात माणूस बसवून केलेली गणना यातले काहीच पाहत नाही. गंमत म्हणजे आपल्या जुन्या नियमाला हे ठाऊक होते. बिगरशहरी रस्त्यांवरच्या वाहतूक गणनेसाठी इंडियन रोड्स काँग्रेसने १९७२ मध्ये आयआरसी-९ ही मार्गदर्शिका काढली. गणना वर्षातून किमान दोनदा, सलग सात दिवस, चोवीस तास करावी, असे ती सांगते. एकदा सुगीच्या आणि मालविक्रीच्या ऐन हंगामात, एकदा मंदीच्या काळात. शेतीप्रधान देश डोळ्यांपुढे ठेवून कुणीतरी हे लिहिले होते. नव्या प्रकल्पाच्या अहवालाला मात्र एका दिवसाची ‘पीक अवर’ गणना चालते, आणि पीक अवर म्हणजे सकाळी कार्यालये उघडण्याची वेळ असे गृहीत धरले जाते. मुरदोलीच्या वाघाला धडक बसली ती रात्री.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा: गोंदियासारख्या मागास जिल्ह्याला आधी विकास द्या, मोजमापाची चैन नंतर. बिरसी विमानतळावरून आताशा प्रवासी विमाने उडू लागली, नागपूर-गोंदिया द्रुतगती मार्गाचे काम पुढे सरकते आहे, आणि तेवढ्यात हे नवे कागद कशाला? आक्षेप खोटा नाही. परवानग्यांच्या फेऱ्यांत प्रकल्प अडकतात आणि फेऱ्या वाढल्या की खिसे भरण्याच्या जागाही वाढतात. पण कॅलिफोर्नियाने माप बदलले तेव्हा तपासणी सोपी झाली. गर्दीच्या चौकाशेजारच्या इमारतीला महागडी वाहतूक-प्रतिकृती करण्याची गरज उरली नाही. दिवसाला एकशे दहापेक्षा कमी फेऱ्या निर्माण करणाऱ्या छोट्या प्रकल्पांना सर्वसाधारणपणे तपासणीतून वगळावे, असे तिथली मार्गदर्शिका म्हणते. चांगले माप चुकीच्या प्रकल्पाला प्रश्न विचारते आणि बरोबर प्रकल्पाची वाट मोकळी करते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. वाहन-किलोमीटर हे श्रीमंत, मोटारींच्या समाजाचे माप आहे. इथे देवरीच्या मुलीला महाविद्यालयात जायला स्कूटी मिळाली, तर ते वाढलेले किलोमीटर म्हणजे तिचे स्वातंत्र्य. ते ‘प्रदूषण’ म्हणून मोजणार का? मोजायचे ते तिला दोष देण्यासाठी नाही. महाविद्यालय, दवाखाना, बाजार कुठे ठेवला आणि तिथे बस जाते का, हे ठरवणारा अधिकारी वेगळा असतो. किलोमीटरचा जाब त्याला विचारायचा असतो. गरिबाच्या प्रवासातले किलोमीटर हा आधी खर्च असतो, मग धूर. अंतर कमी करणाऱ्या निर्णयाने पेट्रोलही वाचते आणि मुलीचा वेळही. एकूण किलोमीटर खाली आणणे हे या मापाचे ध्येय नसावे, एखाद्या सोयीसाठी माणशी किती अंतर कापावे लागते हे पाहणे असावे.

तिसरा आक्षेप विजेच्या गाड्यांचा. पाच-दहा वर्षांत सगळ्या गाड्या विजेवर चालतील, मग धुराचा हिशेब कशाला? शहरातल्या धुरापुरते हे बरेचसे खरे ठरेल. पण टायर आणि रस्त्याची धूळ, वेगाचा आवाज, बुजवलेली बांधी आणि प्राण्याला बसणारी धडक यांना इंजिन कशाचे आहे याने फरक पडत नाही. 

म्हणूनच वाहन-किलोमीटर हे एकटे माप पुरेसे नाही. शहरातला एक किलोमीटर आणि वाघाच्या भ्रमणमार्गातला एक किलोमीटर यांचे वजन सारखे धरता येत नाही. २०१३ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झालेला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प सलग नाही. त्याच्या दोन भागांमधून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो आणि आजूबाजूला जिल्ह्याचे रस्ते. कान्हा, पेंच आणि ताडोबाच्या वाघांना जोडणारा दुवा म्हणून या जंगलाकडे पाहिले जाते. या पट्ट्यात शंभर गाड्या सकाळी अकराला गेल्या तर होणारा परिणाम आणि रात्री अकराला गेल्या तर होणारा परिणाम यांची तुलनाच होत नाही. ‘किती’च्या जोडीला ‘कुठे’ आणि ‘केव्हा’ हे दोन रकाने लागतात. रेल्वेलाही यातून माफी नाही. मालवाहतुकीत ती ट्रकपेक्षा कितीतरी स्वच्छ, पण गोंदियाहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या मार्गावर चिचपल्लीजवळच्या जंगलात नोव्हेंबर २०१८ मध्ये तीन बछडे गाडीखाली सापडले होते.

‘कुठे’ आणि ‘केव्हा’ विचारल्यावर काय करता येते, याची दोन उदाहरणे देशातच आहेत. कर्नाटकातल्या बंदीपूर जंगलातून जाणाऱ्या महामार्गावर २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद असते. केरळकडून सतत विरोध होऊनही ती बंदी टिकली. दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे. पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ चौपदरी होत असताना प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. शेवटी महाराष्ट्रातल्या पट्ट्यात प्राण्यांसाठी पुलाखालून जाण्याच्या नऊ जागा बांधल्या गेल्या; त्यातली सर्वात लांब ७५० मीटर. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये तिथे कॅमेरे लावले. मार्च ते डिसेंबर या काळात अठरा प्रकारचे वन्यप्राणी त्यांतून जाताना टिपले गेले. अकरा वाघ एकूण ८९ वेळा दिसले.

पेंचच्या या उदाहरणात पुलांइतकेच महत्त्वाचे आहे ते नंतर लावलेले कॅमेरे. उपाय केला, मग तो चालला का हे पाहिले. शहरातल्या बांधकामांबाबत असे कधीच होत नाही. वाहतूक अहवाल परवानगीच्या दिवशी मरतो. ‘गर्दीच्या तासाला इतकी वाहने वाढतील’ असे भाकीत करून संकुल उभे राहते, आणि पाच वर्षांनी ती वाहने खरोखर किती वाढली हे मोजायला कोणी जात नाही. चुकीच्या भाकिताची शिक्षा नाही, बरोबर भाकिताची कदर नाही. अशाने अहवाल लिहिणाऱ्याला खरे लिहिण्याचे कारणच उरत नाही.

गोंदियापुरते बोलायचे तर सुरुवातीला नवा कायदा लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर नगर परिषद, लगतच्या ग्रामपंचायती, नगररचना, बांधकाम विभाग, परिवहन कार्यालय आणि वन विभाग यांची एकच नोंदवही असावी. ले-आऊट, लॉन, दवाखाना, गोदाम, काहीही मंजूर झाले की त्यात एक ओळ भरावी: कुठे, किती माणसांसाठी, रोज अंदाजे किती फेऱ्या, सरासरी किती अंतर, दिवसा की रात्री, बस जाते की नाही. रस्त्यागणिक दर वर्षी बेरीज करावी, आणि ती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की पुढच्या परवानगीला अटी लागाव्यात. पीयूसी तपासणीच्या वेळी गाडीच्या मीटरवरचा आकडा टिपला, तर जिल्ह्यातल्या गाड्या वर्षाला खरोखर किती धावतात हे दोन-तीन वर्षांत कळू लागेल. वाहतूक गणना धानाच्या हंगामात आणि रात्री करावी. मोठ्या मंजुरीनंतर तीन वर्षांनी पुन्हा मोजणी व्हावी आणि तिचा खर्च मंजुरीच्या शुल्कातच धरावा. जंगलातल्या रस्त्यांवर रात्रीचा वेग आधी आटोक्यात आणावा आणि रुंदीकरणाचे मागाहून बोलावे.

या सगळ्याला लोकांचा रेटा हवा, आणि तो लावण्याची एक जागा कायद्यात आधीच आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचना मागवल्या जातात. त्यातल्या बहुतेक हरकती आपल्या प्लॉटवर आरक्षण का टाकले, रस्त्याची आखणी आमच्या घरातून का जाते, अशा असतात. त्या चूक नाहीत, पण अपुऱ्या आहेत. या आराखड्यामुळे येत्या वीस वर्षांत शहरातला माणूस रोज किती जास्त किलोमीटर कापेल, ही हरकत कोणीतरी लिहून दिली पाहिजे. उत्तर नसेल तर नसल्याचे तरी नोंदले जाईल.

गोंदियाला एक सोय आहे, जी पुण्याला आता उरलेली नाही. शहर अजून लहान आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सायकलने जाता येते, मधून रेल्वे आहे आणि चोहीकडे धान आहे. वाढ कुठे जाईल हे अजून पूर्ण ठरलेले नाही. रस्ता तुंबेपर्यंत वाट पाहणारे माप इथे उशिराच जागे होईल, कारण तोवर घरे बांधून झालेली असतील, गाड्या घेऊन झालेल्या असतील आणि रुंदीकरणाशिवाय दुसरा उपाय उरलेला नसेल. पेंचच्या पुलांसाठी न्यायालयात जावे लागले, वर्षे गेली, पैसा गेला. नोंदवहीतली एक ओळ त्या मानाने फार स्वस्त आहे, आणि ती भरायला गोंदियाने पाच लाखांचे शहर होण्याची वाट पाहायची गरज नाही.